निळी ज्योत, पिवळी ज्योत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानातील एखाद्या विषयावर सर्वांना समजेल असे बोलावे, अशी आज्ञा मला चिटणीस साहेबांनी केली. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. परंतु वर्गात चाळीस मुलांपुढे बोलणे निराळे आणि आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांपुढे बोलणे निराळे. म्हणून प्रयोगशाळेतला विषय न घेता मी स्वयंपाकघरातला विषय निवडला आहे.

आरंभी एक प्रश्न विचारतो. आज सकाळी आपल्या घरी गॅस पेटला तेव्हा ज्योतीचा रंग कोणता होता? मुलांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल. मागे बसलेल्या माता-भगिनींना मात्र तो नक्की ठाऊक असेल. निळी ज्योत असली की त्या निश्चिंत असतात. पिवळी झाली की "शेगडी साफ करायला झाली" असे म्हणतात. त्यांना जे अनुभवाने कळते तेच मुलांच्या पुस्तकात समीकरण म्हणून छापलेले आहे. या दोन्हींची गाठ घालून द्यावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम जळते काय, ते पाहू. सिलिंडरमधला गॅस, स्कूटरमधले पेट्रोल, स्टोमधले रॉकेल, ट्रकमधले डिझेल, मेणबत्तीतले मेण हे सगळे एकाच घराण्यातले पदार्थ आहेत. या घराण्याचे नाव हायड्रोकार्बन. नावातच त्याचा अर्थ आहे. हायड्रोजन आणि कार्बन या दोनच मूलद्रव्यांपासून हे पदार्थ बनलेले असतात. कार्बनच्या अणूला चार हात आहेत आणि हायड्रोजनच्या अणूला एकच हात आहे, असे समजा. कार्बनच्या चार हातांनी चार हायड्रोजन धरले की झाला मिथेन. हा घराण्यातला सर्वांत लहान. दोन कार्बननी एकमेकांचा एकेक हात धरला तर प्रत्येकाचे तीन हात उरतात. त्यात सहा हायड्रोजन बसतात. तो इथेन. तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन म्हणजे प्रोपेन. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन म्हणजे ब्युटेन. कार्बनच्या संख्येची दुप्पट करून त्यात दोन मिळवा, की हायड्रोजनची संख्या मिळते. आठवीच्या मुलांनी आठ कार्बन असलेल्या ऑक्टेनचे उत्तर मनातल्या मनात काढून पाहावे.

साखळी लांबत गेली की पदार्थ जड होतो आणि उकळायला अधिक उष्णता लागते. मिथेन शून्याखाली १६२ अंशांना उकळतो, प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांना, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणजे हे तिन्ही आपल्या हवेत वायूच. पाच कार्बनचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, म्हणून तो द्रव. पुढे पेट्रोल, त्याहून लांब साखळ्यांचे रॉकेल, मग डिझेल, त्यापुढे मेण आणि शेवटी रस्त्यावरचे डांबर. जमिनीतून येणाऱ्या कच्च्या तेलात यांची सरमिसळ असते. तेलशुद्धीकरण कारखान्यात ते तापवून, ज्याचा त्याचा उत्कलनबिंदू पाहून निरनिराळे केले जाते. आपल्या अरबी समुद्रात मुंबई हाय येथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथून नळांवाटे रायगड जिल्ह्यातील उरणला येणाऱ्या वायूतूनही स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो.

आपल्या लाल सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ते दाबाखाली द्रवरूप करून भरतात. म्हणून भरलेला सिलिंडर सरकवताना आत काहीतरी डुचमळल्यासारखे वाटते. हा एक लिटर द्रव मोकळा झाला तर त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. एवढ्या लहानशा टाकीत महिनाभराचा स्वयंपाक मावतो तो यामुळेच. हीच गोष्ट धोक्याचीही आहे, पण त्याकडे नंतर वळतो.

आता जळणे म्हणजे काय? जळणे म्हणजे नाहीसे होणे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. जळताना कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांचे हात सोडतात आणि हवेतल्या ऑक्सिजनचा हात धरतात. कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनपासून पाणी होते. नवे बंध जुन्यांपेक्षा भक्कम असतात, आणि या फरकातूनच उष्णता बाहेर पडते. जुने बंध तोडायला मात्र आरंभी थोडी उष्णता द्यावी लागते. म्हणून काडी किंवा लायटर हवा. एकदा पेटले की ज्योत स्वतःच पुढची काडी होते.

गॅस जळून पाणी होते, ही गोष्ट मुलांना खोटी वाटते. घरी प्रयोग करा. गार पाण्याने भरलेले स्टीलचे पातेले बाहेरून कोरडे पुसून गॅसवर ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात बुडाला बाहेरून दव धरलेले दिसेल. ते पातेल्यातून झिरपलेले पाणी नव्हे. ते ज्योतीत तयार झालेले पाणी आहे. पातेले तापले की ते उडून जाते.

याचा हिशोबही मांडता येतो आणि तो मला फार आवडतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्युटेन आहे असे धरले आणि तो पूर्ण जळाला, तर सुमारे २२ किलो पाणी आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मिळून ६५ किलो! चौदा किलोचे पासष्ट किलो कसे झाले? बाकीचे ५१ किलो म्हणजे आपल्या खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन. एवढा ऑक्सिजन मिळायला सुमारे २२० किलो हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा साडेसहा खोल्या भरतील इतकी ती हवा होते. सिलिंडरचे पैसे आपण मोजतो. हवेचे पैसे पडत नाहीत, म्हणून ती आपल्या हिशोबात येतच नाही. माझे सगळे व्याख्यान या विसरलेल्या रकमेविषयी आहे, असे समजा.

ही रक्कम अपुरी पडली तर काय होते? ऑक्सिजन कमी असला तर कार्बनच्या वाट्याला पुरता येत नाही. ज्या कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायला हवे होते त्याला एकच मिळतो. त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ज्याला एकही मिळत नाही तो तसाच कोरा राहतो. तीच काजळी. ज्योतीतले काजळीचे बारीक कण तापून पिवळे चमकतात. पिवळी ज्योत म्हणजे उपाशी राहिलेल्या कार्बनचा उजेड. ज्योत निळी असेल तर कार्बनला वेळेवर ऑक्सिजन मिळाला, असा त्याचा अर्थ.

मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, ती केवळ एका मेणबत्तीवर. विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. फॅरेडे लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके तो वाचत असे. याच माणसाने पुढे १८२५ साली बेंझीन हे हायड्रोकार्बन शोधून काढले. मेणबत्तीच्या पिवळ्या भागावर क्षणभर पांढरी बशी धरा, काळा डाग पडतो. जो कण उजेड देत होता तोच बशीवर काजळी होऊन बसला. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली हा प्रयोग मुलांनी अवश्य करावा.

आणखी एक उदाहरण आपल्या नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात पाहायला मिळते. कारागीर प्रथम असिटिलीन पेटवतो. त्यात वजनाने ९२ टक्के कार्बन असतो. मिथेनमध्ये तो ७५ टक्के आणि ब्युटेनमध्ये ८३ टक्के असतो. साध्या हवेत एवढ्या कार्बनला ऑक्सिजन पुरत नाही. म्हणून पिवळी ज्योत भडकते आणि काजळीचे काळे धागे हवेत उडतात. मग तो ऑक्सिजनची चावी उघडतो. क्षणात काजळी नाहीशी होते आणि ज्योत निळसर, टोकदार होऊन लोखंड वितळवू लागते. वायू तोच असतो, फक्त ऑक्सिजन पुरेसा मिळालेला असतो.

आपल्या शेगडीतही हीच सोय आहे. गॅस बारीक छिद्रातून जोराने निघतो आणि बर्नरखालच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या जागेतून हवा ओढून घेतो. दोन्ही मिसळून वर येतात आणि निळे जळतात. दूध उतू जाऊन बर्नरची भोके बुजली किंवा हवेच्या वाटेत कचरा, झुरळाची घाण बसली, की ज्योत पिवळी आणि लांब होते. भांड्याचे बूड काळे पडते. तो गॅस आपण विकत घेऊन अर्धवट जाळत असतो. आमटी उतू गेली की ज्योत क्षणभर नारिंगी होते, ते मात्र मिठातल्या सोडियममुळे. ते आपोआप थांबते. जी ज्योत पिवळीच राहते तिच्याकडे लक्ष द्यावे. बर्नर थंड करून ब्रशने साफ करावा. तरीही निळी झाली नाही तर गॅसवाल्या जाणकाराला बोलवावे.

इथपर्यंत मी जे सांगितले ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पण सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली सकाळ. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती. त्याच आठवड्यात मी तिच्या वर्गाला पूर्ण आणि अपूर्ण ज्वलन शिकवले होते. तिने दोन्ही समीकरणे बिनचूक लिहिली होती आणि मी तिच्या वहीवर शेरा दिला होता. आमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. ती आंघोळीला गेली. बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग तांब्या पडल्याचा आवाज झाला. तिच्या अम्मीने हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, उत्तर नाही. थोरल्या मुलाने खांदा मारून कडी तोडली. मुलगी फरशीवर पडली होती. तिला उचलून अंगणात आणले. काही मिनिटांनी तिने डोळे उघडले. डॉक्टर साहेबांनी तपासून सांगितले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर मला बोलवून उपयोग नव्हता."

न्हाणीघराच्या झरोक्याला थंडी येऊ नये म्हणून पुठ्ठा लावलेला होता. तो पुठ्ठा मीच लावला होता. गिझर बसवणाऱ्याने धूर बाहेर नेणारी नळी लावली नव्हती, हे खरे. पण रसायनशास्त्राचा शिक्षक तो नव्हता, मी होतो. ज्या हवेचा हिशोब मी मुलांना शिकवत होतो ती हवा मी माझ्याच घरात बंद केली होती. मुलीला समीकरण येत होते, मला येत होते. ते वहीत होते. न्हाणीघरात ते आम्हां दोघांनाही दिसले नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने ते या वायूला धरून बसते. मग फुप्फुसात हवा जात असूनही शरीर गुदमरते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. माणूस पळून जाण्याऐवजी खाली बसतो. गिझर सुरुवातीला निळाच जळत असतो. म्हणून येथे केवळ रंगावर विसंबू नका. बंद जागेत ज्योत आपल्या वाट्याची हवा संपवत जाते आणि हळूहळू अपुरी जळू लागते. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

माता-भगिनींना आणखी एक विनंती आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल आहे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करतात. कोळसा हा हायड्रोकार्बन नसून बहुतांशी नुसता कार्बन आहे, पण हवेचा हिशोब तोच. तो धूर न करता धगधगतो, म्हणून निर्धोक वाटतो. निखाऱ्यातून हाच बिनवासाचा वायू निघतो. बंद खोलीत आई आणि तान्हे मूल दोघांचाही जीव धोक्यात येतो. शेक झाला की शेगडी बाहेर काढा. रात्री ती उशाशी ठेवून कोणीही झोपू नये.

आता गळतीविषयी. प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्युटेनचा ५८ आणि हवेचा सरासरी २९. म्हणजे सिलिंडरचा गॅस हवेहून जड. तो गळला की छताकडे न जाता फरशीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत साचतो. शहरांत नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याचा रेणुभार १६, म्हणून तो वर जातो. या वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला जो उग्र वास येतो तो मरकॅप्टन नावाच्या पदार्थाचा. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. हवेत सिलिंडरच्या गॅसचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. दहा फुटी खोलीत सुमारे सव्वा किलो गॅस सारखा पसरला तरी ही हद्द गाठते. तळाशी साचला तर त्याहून कितीतरी कमी पुरे.

म्हणून सहरीच्या वेळी झोपेत स्वयंपाकघरात शिरताना आधी दिव्याचे बटण दाबू नका. आधी वास घ्या. वास आला तर बटण चालू करू नका आणि चालू असलेले बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. काडी ओढू नका, खोलीत मोबाइल वापरू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा. मग बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसगळतीसाठी हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्हांला गृहपाठ देतो. घरी गेल्यावर शेगडीपुढे उभे राहून आईला ज्योतीचे समीकरण समजावून सांगा. ती शाळेत गेली असो वा नसो, तिला ते तुमच्याहून लवकर समजेल. कारण तुम्ही पुस्तकात जी ज्योत पाहिली ती तिने रोज पाहिली आहे. मग घरातला प्रत्येक बर्नर, गिझर आणि झरोका तपासा. कोठे पुठ्ठा लावलेला असेल तर वडिलांना विचारून तो काढा.

पालकहो, आपण मुलांना विचारतो, "किती मार्क पडले?" विचारावे, जरूर विचारावे. पण त्याबरोबर कधीतरी हेही विचारा की, "आज जे शिकलास ते आपल्या घरात कोठे आहे?" हा प्रश्न मुलींनाही विचारा. त्यांची विज्ञानाची वाट दहावीनंतर बंद करू नका. माझ्या मुलीने पुढे रसायनशास्त्रच घेतले. आज तीही शिकवते. ज्वलनाचा धडा आला की ती फळ्याकडे वळण्याआधी वर्गाच्या खिडक्या उघडते. मुले कारण विचारतात. ते ती त्यांना सांगते.